टोपीवरचा खड्डा

कुह्मोच्या शनिवारच्या बाजारात
कॉफीचा डबा मिळाला, बारा युरोला, आत किलोभर पितळ.
विकणारा सोत्कामोकडचा. हातमोजे न काढता म्हणाला,
कुणाचं ते ठाऊक नाही, चुलत्याच्या शेडमध्ये होतं.
आमच्याकडचे सगळे बोलतात तसाच बोलला:
कमी, आणि दाराकडे बघत.

आता रात्र. खिडकीबाहेर उणे एकोणीस.
वर्तमानपत्र अंथरून डबा उपडा करते.
असा काही आवाज होतो की मांजर उठून जातं.

आधी बुडं वाचायची.
कारखान्याचं नाव, कधी साल, कधी नुसता एक तारा.
थुंकीच्या बोटानं काजळी पुसली की भिंगाखाली अक्षरं वर येतात.
पण बुडावर भरवसा ठेवायचा नाही. गळा मोजायचा.
तीनशे आठ आणि दोनशे त्रेचाळीस,
खांद्यापर्यंत जुळी भावंडं, तोंडं तेवढी निराळी.
कुणीतरी एकाला साच्यात दाबून दुसरं केलेलंही असतं,
मग बूड एक सांगतं आणि तोंड भलतंच.
माणसांत हे ओळखायला मला दोन लग्नं लागली.

मग तार.
कागदाला लावायची क्लिप सरळ करून टोकाशी वाकवलेली,
आत सोडायची, भिंतीला टेकवून हळू वर ओढायची.
बुडाच्या जरा वर अडखळली
तर तिथे आतून चर पडलाय. बाहेरून असो लखलखीत,
पुढच्या बाराला ते दोन तुकडे होईल.
पितळ उघडं पडतं ते असं, बोटांच्या टोकांना.
सतरा भंगारात. गळ्याला चीर गेलेली आणखी नऊ.

उरलेल्यांत अकरा होती नऊ पॉइंट तीनची.
मूसच्या शिकारीची, जाड कडेची, जुनी.
पहिलंच दिव्याखाली धरलं
आणि हात तिथेच राहिला.

टोपीवरचा खड्डा मध्यावर नव्हता.
कडेवरचा ओरखडा उजवीकडे धरला
तर खड्डा डावीकडे, खाली घसरलेला,
घाईत लावलेल्या बटणासारखा.

बाबांची रायफल.
बंदूकवाला दर वर्षी म्हणायचा, सुई सरळ करून देतो, उर्हो.
बाबा म्हणायचे, मूसनं अजून तक्रार केलेली नाही.
रेइयोनं ती दफनानंतर महिन्याभरात विकली.
कुणाला, ते विचारायचं राहून गेलं.
खरं तर मी रागानं विचारलं नाही,
आणि आता विचारायला रेइयोही नाही.

दुसरं धरलं. तिसरं.
अकराच्या अकरा तशीच.
म्हणजे ती अजून कुठेतरी आहे,
कुणाच्या तरी गालाशी, सोत्कामोच्या दलदलीत.
किंवा हे बाबांनीच उडवलेले बार,
आणि रिकामी काडतुसं तेवढी या शेडमधून त्या शेडमध्ये फिरली.
पितळ मार सांगतं, तारीख सांगत नाही.

माझी रायफलही याच मापाची.
या टोप्या आता मिळत नाहीत, कपाटात अर्धी डबी आहे.
आणि पितळ नीट आहे. तार कुठेच अडखळली नाही.

जुन्या बुडाला आत दोन बारीक भोकं असतात,
सरळ टोचून टोपी निघत नाही. पाणी लागतं.
काठोकाठ भरायचं, गळ्यात घट्ट बसेल अशी सळई,
आणि लाकडी हातोड्याचा एकच ठोका.
हेही त्यांनीच शिकवलेलं, याच बादलीवर,
आणि पहिल्या ठोक्याला माझ्या तोंडावर
काळं पाणी उडालं तेव्हा हसले होते. हसत नसत सहसा.

टप्.
टोपी खड्ड्यासकट बादलीत.
दुसरी. तिसरी.
सहाव्याला मी जरा थांबले, सळई पुसली.
अकरावी.

कडेवरचा ओरखडा मात्र जात नाही.
पुढच्या हिवाळ्यात त्याच्या शेजारी माझ्या रायफलचा पडेल,
थोडा आखूड.

बादली सकाळी मोरीत रिकामी करायची.
बाहेर ओतली तर पायरीवर बर्फ होतो.